सत्ताविसाव्या मजल्यावरचा वन बीएचके

मुंबईत घर विकायची जाहिरात चार ओळींत आटोपते. वन बीएचके, 27 वा मजला, चटई क्षेत्र 400 चौरस फूट, स्टेशन दहा मिनिटांवर, किंमत 1 कोटी 20 लाख, थोडीफार बोलणी होतील. हा फ्लॅट अमुक एका इमारतीतला नाही. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड, कांदिवली, वडाळा, कुठेही तो आहे असे धरून चालू. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत. घर बघायला गेलेले जोडपे दार उघडताच सरळ खिडकीशी जाते, कारण एजंटने पडदा आधीच सारून ठेवलेला असतो. खाडी दिसते, डोंगर दिसतो, खाली लोकल सरकताना दिसते. मागे वळेपर्यंत मन अर्धेअधिक झालेले असते, आणि पाठीमागच्या चारशे फुटांकडे बघायचे राहून जाते.

त्या चारशे फुटांत काय काय बसते? हॉल 10 बाय 14 चा धरला तर 140 फूट गेले. बेडरूम 10 बाय 11 ची, म्हणजे 110. स्वयंपाकघर 7 बाय 8, 56 फूट. दोन संडास-बाथरूम 4 बाय 7 ची, मिळून आणखी 56. बेडरूमकडे जाणारा बोळ 18 फूट. बेरीज 380 झाली. उरलेले वीस फूट आतल्या भिंतींच्या जाडीत गेले. रेरा या स्थावर संपदा नियमन कायद्याच्या व्याख्येनुसार आतल्या विभाजक भिंती चटई क्षेत्रात मोजल्या जातात. बाहेरच्या भिंती, पाइपांच्या डक्ट आणि बाल्कनी मोजल्या जात नाहीत. चटई क्षेत्र म्हणजे चटई अंथरता येईल तेवढी जागा, ही जुनी समजूत त्यामुळे आता तंतोतंत खरी नाही. वीस फुटांवर चटई नाही, भिंत उभी आहे.

तरी 2016 च्या या कायद्याने मोठे काम केले. तो पूर्णपणे लागू झाला मे 2017 मध्ये. त्याआधी विक्री चालायची ‘सुपर बिल्टअप’वर. जिना, लिफ्टची लॉबी, क्लबहाउस, वॉचमनची केबिन, सगळ्याचा वाटा फ्लॅटच्या क्षेत्रफळात मिसळून चारशेचा फ्लॅट साडेसहाशेचा म्हणून विकला जाई. या फुगवट्याला धंद्यात ‘लोडिंग’ म्हणत, आणि ते किती टाकायचे हे बिल्डर ठरवी. आता करारात चटई क्षेत्र लिहावेच लागते, तेही चौरस मीटरमध्ये. आपले 400 फूट म्हणजे 37.16 चौरस मीटर. महारेरा या राज्यातल्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर हाच आकडा सापडायला हवा. ऑगस्ट 2023 पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे; तो मोबाइलवर टिपला की प्रकल्पाचे नोंदणीपान उघडते. सॅम्पल फ्लॅट बघण्याआधी हे पान बघावे. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग आखूड असतो, दारे काढून ठेवलेली असतात, कपाटावर आरसे असतात. नोंदणीपानावर आरसे लावायची सोय नाही.

मूळ इमारत 2012 च्या आधीची असेल आणि फ्लॅट फेरविक्रीचा असेल, तर आणखी एक भानगड तपासावी लागते. त्या काळात फ्लॉवर बेड, कोनाडे, कपाटाच्या खाचा चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे एफएसआयमध्ये, धरल्या जात नसत. बिल्डरांनी नकाशात भरपूर फुलझाडे लावली आणि प्रत्यक्षात तिथे फरशी घातली. खोली तीन फुटांनी लांबली. मंजूर नकाशात मात्र तिथे अजूनही शेवंती आहे. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलले, या जागा एफएसआयमध्ये आल्या आणि त्याबदल्यात अधिमूल्य भरून निवासी इमारतींना 35 टक्के ‘फंजिबल’ एफएसआय देण्याची सोय झाली. आधीच्या इमारतीतला फ्लॅट घेताना टेप घेऊन जावे आणि मंजूर नकाशाशी ताडून बघावे. एजंट हसेल. हसू द्यावे.

पण मुंबईत एवढ्याशा घराला एवढी उंची आली कुठून, हेही बघायला हवे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. 1920 च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभारल्या. एका बिऱ्हाडाला साधारण 160 फुटांची खोली. संडास बाहेर, गॅलरी सगळ्यांची. गॅलरी हाच त्या घराचा हॉल होता, त्यामुळे खोली लहान असली तरी घर तेवढेच नव्हते. जरा बऱ्या पगाराचा माणूस ‘ब्लॉक’मध्ये राहायला जाई, आणि ब्लॉकची सगळी प्रतिष्ठा आतल्या संडासात होती. दरम्यान 1915 मध्ये गावदेवीला राव बहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आज मुंबईत गल्लोगल्ली दिसणाऱ्या ‘सोसायटी’चे मूळ तिथे आहे.

मग आला 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी गोठवली. भाडेकरूला आधार मिळाला, पण भाड्यासाठी घर बांधण्यात कोणाला राम उरला नाही. चाळमालक पागडी घेऊन गप्प बसला आणि नवा बांधणारा मालकी हक्काचे फ्लॅट विकू लागला. 1963 चा मोफा कायदा याच धंद्याला आवर घालण्यासाठी आला. पुढच्याच वर्षी मुंबईत एफएसआयची कल्पना आली: भूखंडाच्या किती पट बांधकाम करायचे याची मर्यादा. 1991 च्या नियमावलीत ती शहरात 1.33 आणि उपनगरांत 1 होती. इतक्या आखूड मर्यादेत चाळीस मजले कसे उठतील? अपवादांतून. झोपडपट्टी पुनर्वसन केले की जादा एफएसआय, जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास केला की जादा, रस्त्यासाठी जागा दिली की टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, अधिमूल्य भरले की फंजिबल. 2018 मध्ये लागू झालेल्या विकास आराखड्याच्या नियमावलीने हे आकडे बदलले, तत्त्व तेच ठेवले. मुंबईतला टॉवर हा बहुधा कुठल्या तरी जादा एफएसआयचा ढीग असतो. आपला 27 वा मजला ज्या प्रकल्पात आहे, त्यात शेजारच्या इमारतीत त्याच जागेवरच्या मूळ रहिवाशांना घरे दिली असण्याची शक्यता बरीच. विक्रीची इमारत आणि पुनर्वसनाची इमारत यांच्यामध्ये कधी कधी उंच भिंत असते, तिच्याबद्दल माहितीपत्रकात काही लिहिलेले नसते.

आता उंचीकडे येऊ. उंचीला यंत्रे लागतात, आणि ती विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतात.

पाण्याचेच घ्या. मुंबईचे बरेचसे पाणी तानसा, वैतरणा, भातसा या दूरच्या तलावांतून येते, आणि त्यातला मोठा भाग उतारावरून आपोआप वाहत येतो. पालिकेच्या नळाला दाब बेताचाच. म्हणून ते आधी इमारतीखालच्या टाकीत साठते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. शंभर किलोमीटर फुकट आलेले पाणी शेवटचे सव्वाशे मीटर विजेवर जाते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. चाळीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून थेट नळ सोडला तर तळमजल्यावर बारा किलोचा दाब येईल आणि तोटी उडून भिंतीवर आपटेल. घरातल्या नळाला दोन-तीन किलो पुष्कळ झाले. म्हणून उंच इमारतीत पाण्याचे टप्पे करतात, मधे दाब कमी करणाऱ्या झडपा बसवतात. सत्ताविसावा मजला टाकीच्या तेरा मजले खाली आहे, म्हणजे झडप नसेल तर चार किलो. अगदी वरच्या दोन-तीन मजल्यांचे उलटे दुखणे असते: टाकी डोक्यावरच असल्याने दाबच मिळत नाही, त्यांच्यासाठी वेगळा प्रेशर पंप लागतो. पेंटहाउसवाल्याच्या शॉवरला धार नसते, ही गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा गंमत वाटते.

हे किती महाग पडते? माणशी रोज 135 लिटर हे महापालिकेचे माप. चार माणसांच्या घराला 540 लिटर, टॉवरमध्ये तीनशे घरे धरली तर दीड लाखाच्या वर. एक हजार लिटर पाणी 120 मीटर चढवायला पंपातली गळती धरून अर्धा ते पाऊण युनिट वीज जाते. म्हणजे रोजची शंभरेक युनिटे फक्त पाणी उचलण्यात. आकडा ऐकायला मोठा, तीनशे घरांत वाटला की अगदीच किरकोळ. खरा खर्च विजेचा नसतो. पंप बिघडतो, झडप अडकते, पाइप गळतो आणि ते दुरुस्त करायला दोरीवर लटकणारा माणूस लागतो. खर्च तिथे असतो. जुन्या चार मजली इमारतीत प्लंबर शिडी लावून चढत असे.

भिंतींचेही तसेच. अलीकडचे बरेच टॉवर ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओततात. बांधकामावरची माणसे या पद्धतीला एका मलेशियन कंपनीच्या नावाने ‘मायवान’ म्हणतात. मजला आणि भिंती एकाच ओतात होतात, वीट वापरावी लागत नाही, काम झपाट्याने उरकते, भिंत पातळ राहून घर थोडे मोठे होते. पण या काँक्रीटच्या भिंती भार वाहतात. हॉल आणि बेडरूममधली भिंत पाडून एकच मोठी खोली करावी, स्वयंपाकघर उघडे करावे, असला विचार इथे करायचा नाही. तसबीर टांगायला खिळा ठोकू गेलात तर खिळा वाकतो. हॅमर ड्रिल आणावे लागते आणि त्याचा आवाज वरखाली चार मजले ऐकतात. दुपारभर तापलेली ही भिंत रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. ‘जोडी फ्लॅट’ करायचा, म्हणजे पुढे शेजारचा वन बीएचके विकत घ्यायचा आणि मधली भिंत काढायची, हा मुंबईतला लाडका बेत विटांच्या इमारतीत जमत असे. इथे तो मनात धरून पैसे गुंतवू नयेत.

दिशेबद्दल लोक वास्तुशास्त्र विचारतात, पाऊस कुठून येतो हे विचारत नाहीत. मुंबईत तो नैऋत्येकडून येतो आणि वरच्या मजल्यांवर वाऱ्याला अडवायला काही नसते. पश्चिमेच्या मोठ्या सरकत्या खिडकीतून जुलैत पाणी आडवे आत येते, उन्हाळ्यात दुपारी तीनपासून ऊन येते, आणि सूर्यास्त दिसतो एवढ्यावर त्या खिडकीसाठी जास्त दर लावतात. चार्ल्स कोरिया यांनी 1983 मध्ये पूर्ण झालेल्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत हा पेच फार छान सोडवला होता. 28 मजल्यांची ती इमारत पूर्व-पश्चिम तोंडाची आहे, कारण समुद्राचा वारा आणि देखावा तिकडेच. पण ऊन आणि पाऊसही तिकडूनच. त्यांनी घराभोवती दोन मजली उंचीच्या खोल बागा-ओट्या कोरल्या, जुन्या बंगल्याला व्हरांडा असतो तशा. खोली व्हरांड्याच्या मागे सुरक्षित राहिली. अर्थात ती घरे धनिकांची. चारशे फुटांत व्हरांडा बसत नाही, आणि बाल्कनी चटई क्षेत्राबाहेर मोजली जात असल्याने आता ती ‘डेक’ या नावाने वेगळ्या दराने विकली जाते. तरी निवड करता येत असेल तर साडेतीन फूट खोल बाल्कनीच्या मागे असलेली पश्चिमेची खोली नुसत्या काचेच्या खोलीपेक्षा कितीतरी राहण्याजोगी असते.

आगीचा विषय एजंट काढत नाही, आपण काढावा. उंच इमारतीत ठरावीक अंतराने, साधारण दर सात मजल्यांनी, एक मोकळी जागा ठेवावी लागते, तिला रेफ्यूज एरिया म्हणतात. आग लागली तर लोकांनी जिन्याने तिथवर उतरायचे आणि मदतीची वाट बघायची. मुंबई अग्निशमन दलाकडे 90 मीटरपर्यंत पोहोचणारे शिडीचे वाहन आहे, म्हणजे सत्ताविसावा मजला हिशेबात बसतो; पण ते वाहन इमारतीला लागून उभे राहिले पाहिजे, आणि आठ मजली पार्किंगच्या पोडियममुळे तसे राहता येतेच असे नाही. शिवाय जाहिरातीतल्या मजल्यांच्या मोजणीत पोडियम धरलाय की नाही, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, ज्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. सेक्रेटरीकडे शेवटचा फॉर्म बी मागावा. बघायला गेलेल्या दिवशी जिन्याने दोन मजले उतरावे. रेफ्यूज एरियात सायकली, जुनी कपाटे आणि गणपतीच्या मंडपाचे बांबू भरलेले असतील तर इमारतीची कमिटी कशी आहे ते कळतेच.

आता पैशांकडे. 1 कोटी 20 लाखांच्या घराला बँक किती देते? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 75 लाखांवरच्या गृहकर्जात किमतीच्या जास्तीत जास्त 75 टक्के. म्हणजे 90 लाख. उरलेले 30 लाख रोख हवेत. त्याशिवाय मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 6 टक्के, म्हणजे 7 लाख 20 हजार. घर केवळ बाईच्या नावावर घेतले तर एक टक्का सवलत, 1 लाख 20 हजार वाचतात. नोंदणी फी एक टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. मुद्रांक शुल्क आणि ही फी कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत, दोन्ही खिशातूनच जातात. दलाली एक ते दोन टक्के. बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 6 लाख; भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. घराची किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असल्याने विक्रेत्याला देताना त्यातून 1 टक्का टीडीएस कापून सरकारात भरायची जबाबदारी खरेदीदाराची. विसरला तर दंड त्यालाच. एकूण, चाळीसेक लाख हाताशी नसताना ‘कर्ज मिळतंय की’ म्हणून टोकन देणे धोक्याचे. 90 लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी साधारण 78 हजार बसतो, आणि वीस वर्षांत बँकेला जातात पावणेदोन कोटींच्या वर.

वर ‘फ्लोअर राइज’ असतो. नव्या इमारतीत दर मजल्यामागे चौरस फुटाला काही रुपये चढवत जातात. सत्ताविसाव्यावर ते बरेच साचतात. पण फेरविक्रीत हा फरक पूर्ण वसूल होतोच असे नाही, कारण समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पस्तीस मजले आले की देखावा जातो आणि लिफ्टची वाट बघणे उरते. समोर काय येणार हे विकास आराखड्याच्या अभिप्रायात बऱ्याच अंशी कळू शकते. मोकळी जागा उद्यानासाठी आरक्षित असेल तर देखाव्याला थोडे आयुष्य आहे. तिथे नुसताच पत्र्याच्या कुंपणाचा प्लॉट असेल तर फार नाही.

पार्किंगचा घोळ वेगळा. स्टिल्टमधले पार्किंग फ्लॅटसारखे सुटे विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2010 मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात दिला. ती जागा सोसायटीच्या मालकीच्या सामाईक जागांत मोडते. रेरानंतर बंद गॅरेज विकता येते, उघडी जागा नाही. वन बीएचकेला बहुतेक ठिकाणी पार्किंग नसतेच, किंवा असते ते यांत्रिक, एकावर एक गाड्या चढवणारे. गाडी नसेल तर हा परिच्छेद सोडून द्यावा.

माझ्या मते लहान फ्लॅटवाल्याचा सगळ्यात मोठा चटका देखभाल खर्चात आहे. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना समान. वॉचमन, सफाई, व्यवस्थापन, सामाईक वीज यांचा खर्च घरांच्या संख्येने भागतात, लिफ्टचाही समान. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मात्र बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला अनुक्रमे किमान 0.75 आणि 0.25 टक्के. म्हणजे बाराशे फुटांच्या थ्री बीएचकेवाला आणि चारशे फुटांचा वन बीएचकेवाला स्विमिंग पूलच्या पाण्यात क्लोरिन टाकायला सारखेच पैसे देतात. त्यात तर्क आहे: लिफ्ट दोघांना सारखीच वापरता येते, वॉचमन दोघांच्याच दारात उभा असतो. पण चौरस फुटामागे बघितले तर लहान घराला खर्च तिप्पट पडतो. इमारत 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असेल तर उलट होते. तिथे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटतात आणि लहान घराला दिलासा मिळतो. सोसायटी की अपार्टमेंट, हा प्रश्न खरेदीआधी विचारणारा क्वचित भेटतो. आणि सोसायटी स्थापन व्हायच्या आधी बिल्डर स्वतः वसूल करतो तो मेंटेनन्स बहुधा चौरस फुटावर असतो, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांचा आकडा बघून पुढचा अंदाज करू नये. एक गोड बाब: 2022 पासून बृहन्मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या चटई क्षेत्राच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. आपला चारशेवाला त्यात बसतो.

कागदांत सगळ्यांत वजनदार कागद भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या इमारतींना पाच मजल्यांची परवानगी होती. 1980 च्या दशकात त्या वाढत गेल्या आणि एकीने वीस मजले गाठले. लोकांनी पैसे मोजून घरे घेतली, दोन पिढ्या राहिल्या. फेब्रुवारी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत मजल्यांना संरक्षण नाकारले, आणि 2014 च्या जूनमध्ये तिथली वीज, पाणी, गॅस तोडायला महापालिकेचे पथक दारात आले. या घरांचे करार झालेले होते, मुद्रांक शुल्क भरलेले होते. नोंदणी कार्यालय व्यवहाराची नोंद करते, इमारत कायदेशीर आहे की नाही ते बघत नाही. म्हणून इंडेक्स टू, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, शेअर सर्टिफिकेट हे सगळे हातात आल्यावरही ओसी आपल्या मजल्यापर्यंतचे आहे का, हे वाचून बघावे. उंच इमारतींना ते टप्प्याटप्प्याने मिळते. वीस मजल्यांचे ओसी आणि सत्तावीस मजल्यांची वस्ती, असे असू शकते. नवे घर घेत असाल तर किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय देऊ नये. रेरा बिल्डरला ती मागूच देत नाही. आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने, हे लक्षात ठेवावे. बाथरूमची गळती सहसा दुसऱ्या पावसाळ्यात दिसते.

शेवटचा मुद्दा जमिनीचा. दादर-पार्ल्याच्या जुन्या चार मजली इमारतीतला मोडका वन बीएचके कोटीच्या वर जातो, कारण त्या जमिनीवर अजून बरेच बांधता येते. बिल्डर येतो, जुन्या सभासदाला मोठे नवे घर देतो, वरचे मजले विकून आपले भागवतो. सहकार खात्याच्या 2019 च्या निर्देशांनुसार अशा पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती लागते. टॉवरमध्ये हे गणित उलटे आहे. तीनशे घरे, जमिनीचा तुकडा तोच, एफएसआय शेवटच्या चौरस मीटरपर्यंत वापरलेला. पन्नास वर्षांनी या काँक्रीटला म्हातारपण आले की पाडून बांधायला कोण येईल, आणि कुठल्या जादा मजल्यांच्या आशेवर? शिवाय जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नसली तर हा प्रश्न विचारायचा हक्कही बिल्डरशी भांडून मिळवावा लागतो. त्यासाठी मोफामध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आहे, आणि ती वापरणाऱ्या सोसायट्यांना निबंधकाच्या कार्यालयात बरेच खेटे घालावे लागतात.

तेव्हा विक्रेत्याकडे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत, सिंकिंग फंडात किती जमले ते बघावे, अभिहस्तांतरण झाले का ते विचारावे. सभासदाकडून सभासदाकडे हस्तांतर होताना सोसायटीला 25 हजारांवर प्रीमियम घेता येत नाही. ‘इमारत निधी’ म्हणून दोन-चार लाख मागितले तर पावतीवर नक्की काय लिहिणार, तेवढे विचारावे. हिशेब दाखवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर दुसरा फ्लॅट बघावा. त्याच इमारतीत, त्याच रांगेत, दोन-तीन तरी विकायला असतात.